चौकशी, ग्रंथालय आणि शाळेतले मूल

कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला 'चौकशी' हा शब्द फारसा गोड वाटत नाही. आरोपपत्र हाती पडते, चौकशी अधिकारी नेमला जातो, टेबलाभोवती चार माणसे बसतात, आणि पुष्कळदा निकाल काय लागायचा हे पहिला प्रश्न विचारण्यापूर्वीच ठरलेले असते. अशा चौकश्यांत कामगाराच्या शेजारी बसण्यात माझी तीसेक वर्षे गेली. तेव्हा शाळेची ग्रंथालये आणि त्यांतून होणारे शोधशिक्षण हा विषय मी या व्याख्यानमालेसाठी सुचविला, याचे माझ्या मित्रांना नवल वाटले. मला मात्र या दोन गोष्टींत जवळचे नाते दिसते. ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असते, तो प्रश्न एक तर परीक्षा असतो, नाही तर सापळा असतो. खरी चौकशी ती, की जिच्या शेवटी काय हाती लागेल हे विचारणाऱ्यालाही माहीत नसते. आपल्या शाळांत मुलांना प्रश्न पुष्कळ विचारले जातात. पण मुलांनी स्वतः काढलेला आणि स्वतःच उत्तरापर्यंत नेलेला प्रश्न किती वेळा आढळतो, याचा विचार आज करावयाचा आहे.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारले तर मी पदवी दाखवू शकणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील गिरणीत होते आणि मी सातवीत होतो. संप लांबत गेला तशी घरातली एकेक वस्तू गेली, आणि शेवटी माझी शाळा गेली. पुढचे जे शिक्षण झाले ते उपाहारगृहाच्या मोरीवर, लेथ मशिनवर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. त्यांपैकी वाचनालयातला एक प्रसंग सांगितल्यावाचून आजचा मुद्दा स्पष्ट होणार नाही.

मी कामगार संघटनेत नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका कारखान्याने तोटा दाखवून किमान बोनसपलीकडे काही देण्याचे नाकारले. त्या वेळी लागू असलेल्या १९६५ च्या बोनस कायद्याप्रमाणे किमान बोनस ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के होता. म्हणजे झगडा मधल्या अंतराचा होता. कंपनीचा ताळेबंद हाती आला, पण तो वाचता येईना. मी वाचनालयात गेलो आणि "हिशेबावरचं एखादं पुस्तक द्या," असे म्हणालो. तिथल्या ग्रंथपालबाईंनी माझ्याकडे व माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊ, पुस्तक राहू द्या. तुम्हाला ठरवायचंय काय, ते आधी सांगा." मी म्हटले, "बाई, कंपनी खोटं बोलतेय का, ते ठरवायचंय." त्या हसल्या. म्हणाल्या, "या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही. प्रश्न जरा लहान करून आणा."

प्रश्न लहान करण्यात माझे तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी मी भारावून गेलो, दुसऱ्या रविवारी इतका गोंधळलो की सगळे सोडून द्यावेसे वाटले. तिसऱ्या रविवारी प्रश्न असा उरला: मागच्या वर्षी नफा होता आणि यंदा तोटा आहे, तर नेमका कोणता आकडा बदलला? विक्री जवळपास तेवढीच होती, मजुरीही तेवढीच होती. बदलला होता घसाऱ्याचा आकडा. तो दुपटीहून अधिक झाला होता. आम्ही वाटाघाटीत बसलो तेव्हा घोषणा न देता हाच एक प्रश्न विचारला. मागितले तेवढे मिळाले नाही. पण त्या दिवशी प्रथमच समोरच्यांना आमच्या प्रश्नावर विचार करण्यासाठी वेळ मागून घ्यावा लागला. पुढे कित्येक वर्षांनी मला कळले, की त्या बाईंनी माझ्याकडून जे करवून घेतले त्याचे एक शास्त्र आहे, आणि जगातल्या पुष्कळ देशांत ते शाळेच्या ग्रंथालयात मुलांना शिकविण्याची खटपट चालू आहे.

मध्यभागी ग्रंथालय

या विचाराचे मूळ शोधू लागलो तर जॉन ड्यूई या अमेरिकन तत्त्ववेत्त्यापाशी थांबावे लागते. १८९६ साली त्यांनी शिकागो विद्यापीठात एक प्रयोगशाळा काढली. प्रयोगशाळा म्हणजे प्रयोग म्हणून चालविलेली शाळाच. त्या शाळेविषयी पालकांपुढे त्यांनी १८९९ मध्ये व्याख्याने दिली, आणि 'शाळा आणि समाज' या अर्थाच्या नावाने ती प्रसिद्ध झाली. शाळेसाठी बाके घ्यायला आपण बाजारभर हिंडलो, तेव्हा एका चतुर दुकानदाराने काय सांगितले, ते त्यांनी त्यांत नमूद केले आहे. तो म्हणाला, की तुम्हाला हवे आहे ते आमच्याजवळ नाही. तुम्हाला मुलांनी काम करण्याजोगे काही पाहिजे, आणि आमची सारी बाके ऐकण्यासाठी केलेली आहेत. शंभर-सव्वाशे वर्षे होऊन गेली, तरी आपल्या वर्गांतली बहुतेक बाके अजून ऐकण्याचीच आहेत!

ड्यूईंनी आपल्या कल्पनेतल्या शाळेचा आराखडाही काढला. त्याच्या एका मजल्यावर चार कोपऱ्यांत चार दालने आहेत: एकात कारखाना, दुसऱ्यात कापडकाम, तिसऱ्यात स्वयंपाकघर, चौथ्यात जेवणघर. आणि या चौघांच्या मध्यभागी ग्रंथालय आहे. हाताने काम करताना जो प्रश्न निघेल तो घेऊन मुलाने मध्ये यावे, तिथे जगाचा अनुभव ग्रंथरूपाने मिळेल, आणि तो घेऊन पुन्हा कामाकडे जावे, असा त्याचा अर्थ. ग्रंथालय म्हणजे शाळेच्या टोकाची अडगळीची खोली नव्हे. सर्व वाटा जिथे मिळतात तो चौक आहे.

गिरणी कामगाराचा मुलगा म्हणून मला त्या शाळेतला कापडकामाचा एक धडा विशेष भावला. कापसापेक्षा लोकर आधी का प्रचारात आली, असा प्रश्न होता. मुलांच्या हाती सरकीसकट कापूस दिला. अर्धा तास ती सरकीपासून तंतू सोडवीत बसली, आणि एक औंससुद्धा रुई निघाली नाही. मग सरकी काढणारे यंत्र निघाल्यावर जगाच्या व्यापारात एवढी उलथापालथ का झाली, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही. प्रश्न बोटांतून निघाला होता, म्हणून वाचलेले डोक्यात राहिले.

या ड्यूईंचा आपल्याशी असलेला संबंध फार थोड्यांच्या लक्षात असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, आणि तिथे ड्यूई त्यांचे अध्यापक होते. १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलना'वरील भाषणात बाबासाहेबांनी त्यांचे ऋण स्पष्टपणे मान्य केले आहे. रूढी म्हणते म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही शिकवण त्या वर्गातून या भूमीपर्यंत आली आहे. म्हणून शोधशिक्षण ही श्रीमंत शाळांची परदेशी चैन आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. ज्यांना शतकानुशतके प्रश्न विचारण्याचीच बंदी होती, त्यांना या शिक्षणाची गरज सर्वांत अधिक आहे.

गोंधळाचे शास्त्र

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. अमेरिकेत न्यू जर्सी येथे कॅरॉल कुल्थाऊ नावाच्या एक शालेय ग्रंथपाल होत्या. पुढे त्या रटगर्स विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. चांगली, हुशार मुलेसुद्धा एखादा विषय शोधायला बसली की काही दिवसांनी हिरमुसून जातात, हे त्यांच्या ध्यानात आले. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी अशा मुलांचा बारकाईने अभ्यास केला. मुलांनी काय वाचले एवढेच न पाहता, त्या त्या वेळी मुलांना काय वाटत होते, हेही त्यांनी टिपले. त्यातून शोधाच्या सहा पायऱ्या त्यांनी मांडल्या. त्या पायऱ्या आपल्याकडचे एक उदाहरण घेऊन सांगतो.

समजा, मुंबईतल्या एका चाळीत राहणारी सहावीतली मुलगी आहे. वर्गात 'पाणी' हा विषय निघाला. ही पहिली पायरी, प्रारंभाची. या वेळी मनात नुसती अस्वस्थता असते. काय करायचे ते कळत नाही. दुसरी पायरी निवडीची. मुंबईला पाणी कुठून येते, हे आपण शोधायचे, असे ती ठरविते आणि तिला हुरूप येतो. तिसरी पायरी चाचपणीची. ती पुस्तके काढते. विहार तलावाचे पाणी १८६० साली आले, तानशाचे १८९२ साली आले. शिवाय धरणे, जलवाहिन्या, पाऊस, साथीचे रोग, लोकसंख्या असे एकातून एक निघतच जाते. एका पुस्तकातला आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. जितके वाचावे तितके अधिक धुके. हुरूप ओसरतो, आणि "बाई, मला हा विषय नको, दुसरा द्या," असे ती म्हणू लागते.

चौथी पायरी म्हणजे या धुक्यातून स्वतःचा प्रश्न सापडणे. एके दिवशी तिच्या मनात येते: तलाव तेच, महापालिका तीच, तर आमच्या नळाला एकच तास पाणी आणि टेकडीखालच्या वस्तीला अधिक वेळ, असे का? आता मन स्वच्छ होते. पाचवी पायरी जमवाजमवीची. आता ती दिसेल ते उतरवून घेत नाही; उंची, टाकी, नळाचा व्यास, घरांची संख्या, एवढेच पाहते. आठवडाभर घड्याळ लावून चाळीतल्या नळाची नोंद ठेवते, पाणीखात्याच्या माणसाला जाऊन विचारते. सहावी पायरी मांडणीची. वर्गापुढे ती आपले म्हणणे ठेवते. समाधान वाटते, किंवा उत्तर अपुरे राहिले तर थोडी निराशाही वाटते. आपण कसे शोधले याचा शेवटी स्वतःशी हिशेब घ्यावा, हेही कुल्थाऊंनी पुढे त्यात जोडले.

या साऱ्यात त्यांचा सर्वांत मोलाचा शोध कोणता? तर तिसऱ्या पायरीवरचा गोंधळ हा मुलाचा दोष नव्हे. तो शोधाचाच एक टप्पा आहे. जो गोंधळला नाही, त्याने बहुधा शोधलेच नाही, नुसते उतरवून काढले. आणि मोठ्या माणसाच्या आधाराची गरज नेमकी इथेच असते. पण आपल्याकडे होते काय? शिक्षक दोनदा भेटतात, एकदा विषय देताना आणि एकदा गुण देताना. मधल्या धुक्यात मूल एकटे असते. मग ज्याच्या घरी शिकलेले आईबाप आहेत त्याला ते हात देतात. ज्याच्या घरी कोणी नाही ते कोपऱ्यावरच्या दुकानातून छापील चित्रे विकत आणते, प्रकल्पवहीत चिकटविते, आणि त्यालाही गुण मिळतात. प्रकल्पाच्या नावाने आपण मुलांना शोध शिकवीत नाही, खरेदी शिकवितो. एवढेच नव्हे, तर घरात पुस्तक असलेले आणि नसलेले मूल यांच्यातली दरी आपण वाढवितो.

आमच्या चळवळीतही हाच अनुभव येतो. मागणीपत्र तयार करण्याच्या सभेत पहिला तासभर नुसता कल्ला असतो. कोणी पाळीबद्दल बोलतो, कोणी संडासाबद्दल, कोणी मुकादमाबद्दल. नवा पुढारी घाबरतो आणि खिशातले तयार मागणीपत्र काढून वाचून दाखवितो. कल्ला थांबतो, पण त्या मागण्या मग कामगारांच्या राहत नाहीत. जुना पुढारी कल्ला होऊ देतो, मधूनच एखादा प्रश्न टाकतो, आणि लोकांच्याच तोंडून मुद्दा निघेपर्यंत थांबतो. शालेय ग्रंथपालाचे काम हे या जुन्या पुढाऱ्याचे काम आहे.

निरनिराळ्या देशांत

२००७ साली कुल्थाऊ व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या संशोधनावरून 'मार्गदर्शित शोधा'ची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. वर्गशिक्षक आणि ग्रंथपाल यांनी मिळून धडा आखावा, हा तिचा कणा. कॅनडातील आल्बर्टा प्रांताच्या शिक्षणखात्याने २००४ सालीच शिक्षकांसाठी शोधशिक्षणाची मार्गदर्शिका काढली होती. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१५ मध्ये शालेय ग्रंथालयांसाठी सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही शोधशिक्षण हे ग्रंथपालाच्या मुख्य कामांत धरले आहे.

फ्रान्सची गोष्ट मला अधिक बोधप्रद वाटते. तिथे १९८९ साली शालेय ग्रंथपालांसाठी माध्यमिक शिक्षकांच्याच तोडीची स्पर्धापरीक्षा सुरू झाली. म्हणजे ग्रंथपाल हा हुद्द्याने शिक्षक झाला. त्यानंतर २००० सालापासून सुमारे दोन दशके तिथल्या उच्च माध्यमिक मुलांना दोन विषयांना जोडणारा एक प्रश्न घेऊन, लहान गटात, महिनोन्महिने काम करावे लागे. कामाची रोजनिशी ठेवावी लागे, आणि त्याचे गुण शालान्त परीक्षेत धरले जात. पुढे परीक्षेची फेररचना झाली आणि हा उपक्रम गेला. परंतु शोधाला परीक्षेत जागा दिल्याशिवाय वेळापत्रकात जागा मिळत नाही, हा त्यातला धडा घेण्यासारखा आहे.

तथापि परदेशात सारेच आलबेल आहे, असा समज करून घेऊ नये. इंग्लंडमध्ये तुरुंगात ग्रंथालय असणे नियमाने बंधनकारक आहे. शाळेत मात्र तसे बंधन नाही! अमेरिकेत २००९-१० नंतरच्या दशकात शालेय ग्रंथपालांची संख्या जवळपास एक पंचमांशाने घटली. जिथे हे शास्त्र जन्मले तिथेच ते शिकविणारी माणसे कमी केली गेली. याचे कारण मला परके वाटत नाही. काटकसरीचा हुकूम आला, की ज्याच्या कामाचा आकडा दाखविता येत नाही त्याची जागा प्रथम जाते. गोंधळलेल्या मुलाजवळ पाऊण तास बसणे, हे कोणत्या रकान्यात भरणार?

आपल्या घरी

आपल्याकडे या विचाराचे बी नव्हते असे नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बोर्डेन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून ग्रंथालयांचे जाळे विणावयास आरंभ केला. पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये खेड्यांत जाऊ लागली. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच नियम सांगतो, की ग्रंथ राखणीसाठी नसून वापरासाठी आहेत. आणि १९५३ सालच्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांच्या ग्रंथालयांची जी अवस्था वर्णिली, तीत जुनाट व मुलांच्या आवडीनिवडीचा विचार न करता घेतलेली पुस्तके होती, आणि वरकड काम म्हणून ती सांभाळणारा कारकून किंवा शिक्षक होता.

अलीकडे एका शाळेत मी पालकांच्या सभेला गेलो होतो. ग्रंथालय कुठे आहे असे विचारता शिपायाने मुख्याध्यापकांच्या खोलीतले कुलूपबंद कपाट दाखविले. किल्ली कोणाकडे, ते त्यालाही नक्की सांगता येईना. रागावण्यापूर्वी मी दुसरी बाजूही पाहिली. पुस्तक हरवले तर भरपाई ज्याच्याकडून होणार, तो माणूस कुलूपच लावील. दोष त्या एकट्याचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तिथे वर्तमानपत्र, मासिके व गोष्टींसकट सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे सांगितले. पण त्याच परिशिष्टात जिथे शिक्षकांची संख्या दिली आहे, तिथे ग्रंथपालाचा उल्लेख नाही. कायद्याने कपाट दिले, माणूस दिला नाही. माध्यमिक शाळांत 'अर्धवेळ ग्रंथपाल' हे नामाभिधान आपल्या परिचयाचे आहे. मुलांचे प्रश्नही अर्धवेळच असतात, असे त्यात गृहीत धरले असावे!

साधने तुटपुंजी असताना हे जमेल का, अशी शंका निघेल. तिला उत्तर मध्य प्रदेशातले आहे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत विज्ञान शिकविण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे तो जिल्हाभर पसरला. खेड्यातली मुले स्वतः प्रयोग करीत, आसपास हिंडून नोंदी करीत, परीक्षेत पुस्तक उघडून बसत. त्यांच्यासाठी 'सवालीराम' नावाचे एक कल्पित पात्र होते. मुलांनी मनात येईल तो प्रश्न त्याला पत्राने विचारावा, आणि त्याच्या नावाने उत्तर जावे. २००२ साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला. परंतु गरीब शाळेत शोध होऊ शकत नाही, हे म्हणणे त्या तीस वर्षांनी कायमचे खोटे ठरविले.

दुसरी शंका आजच्या काळाची आहे. खिशातल्या यंत्राला विचारले की क्षणात उत्तर मिळते, मग ग्रंथालय आणि ग्रंथपाल हवेत कशाला? माझे म्हणणे उलट आहे. उत्तर स्वस्त झाले म्हणजे प्रश्न महाग होतो. त्या ताळेबंदाच्या वेळी मी यंत्राला "कंपनी खोटं बोलतेय का?" असे विचारले असते, तर मला एखादे गुळगुळीत उत्तर मिळाले असते आणि मी ते खरे मानून बसलो असतो. प्रश्न लहान करून आण, असे सांगणारे, आणि आणलेले उत्तर कुठून आले, कोणी दिले, त्यात त्याचा स्वार्थ काय, हे तपासायला लावणारे माणूस आता अधिकच हवे.

मी मागणीपत्र लिहिणारा माणूस आहे, तेव्हा शेवटी मागण्याच ठेवतो, आणि त्या तीनच आहेत. पहिली, शाळेच्या ग्रंथालयाला पूर्णवेळ, प्रशिक्षित आणि शिक्षकाच्या बरोबरीचा ग्रंथपाल मिळावा. दुसरी, वर्षातून निदान एक प्रश्न प्रत्येक मुलाचा स्वतःचा असावा, आणि त्यासाठी शाळेच्या वेळातच वेळ राखून ठेवावा. घरी नेण्याचा प्रकल्प नको. तिसरी, पुस्तक फाटले वा हरवले तर ते वापराच्या खर्चात धरावे, ग्रंथपालाच्या पगारातून वसूल करू नये. गोंधळाला वेळ लागतो, आणि वेळेला पगार लागतो. हे मान्य न करता शोधशिक्षणाची भाषणे करणे सोपे आहे.

या मागण्या कोणापुढे ठेवायच्या, असे आपण विचाराल. प्रारंभ आपल्या मुलांच्या शाळेपासून करता येईल. येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा फी आणि गणवेश यांची विचारपूस करताना आणखी एक चौकशी करा: ग्रंथालयाची किल्ली कोणाकडे आहे, आणि तो माणूस दिवसाकाठी किती वेळ मुलांजवळ बसू शकतो? उत्तर लगेच मिळाले नाही तर निराश होऊ नका. प्रश्न लहान करून पुन्हा जा.